गिरणीत लागलेला नंबर : नारायण पेठेतल्या एका डे-केअर केंद्राचं प्रकरण

केळकर रस्त्याला येऊन मिळणाऱ्या एका गल्लीत, तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर, स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांचं एक डे-केअर केंद्र चालतं. सकाळी साडेनऊला उघडतं, संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. अठरा आजी-आजोबा, चार मावश्या आणि केंद्र चालवणाऱ्या ताई. घरची माणसं कामावर असतात तेवढा वेळ ही मंडळी इथे बसतात, जेवतात, ओव्या-आरत्या म्हणतात, शेंगा सोलतात, झोपतात.

ताईंनी मला बोलावलं ते मोठा एसी कुठे बसवायचा हे विचारायला. ‘‘चार वाजले की हॉल बिघडतो हो,’’ असं त्या फोनवर म्हणाल्या. हॉल बिघडतो म्हणजे काय, हे तिथे जाऊन बसल्यावर कळलं. जेवणानंतर ज्यांचा डोळा लागला होता ते जड डोक्याने उठत होते. एक आजी ‘घरी सोडा मला’ म्हणत दाराची कडी ओढत होत्या. दोघी कानांवरून पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. बाहेर शाळेच्या व्हॅन अडकलेल्या, हॉर्नवर हॉर्न; दोन घरं सोडून जुन्या वाड्याचं पाडकाम चाललेलं, त्या ब्रेकरची धडधड. म्हणून खिडक्या बंद. खिडक्या बंद म्हणून हॉल कोंदट. कोंदलं की एक मावशी खिडकी उघडायची, गोंगाट आत आला की दुसरी येऊन लावायची. त्या एका दुपारी ही उघडझाप मी अकरा वेळा मोजली.

दिवस कलताना अस्वस्थता वाढणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. त्यामुळे सगळं खापर इमारतीवर फोडणं बरोबर नव्हतं. पण त्यात आजाराचा वाटा किती आणि खोलीचा किती, हे निदान चाचपून पाहता येणार होतं. मी मावश्यांना एक शंभर पानी वही दिली. कोण किती वाजता उठलं, चिडलं, रडलं आणि त्या वेळी खिडकी उघडी होती की बंद, एवढंच लिहायचं. पंधरा दिवस त्यांनी ती इमानदारीने भरली. त्याच दिवसांत कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र मी हॉलमध्ये ठेवून दिलं.

बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांमागे ४२० भाग, असतो. खिडक्या लावून तास-दीड तास झाला की हॉलमधला आकडा दोन हजारांच्या वर जायचा. याचा हिशेब सोपा आहे. बसून असलेला माणूस सेकंदाला सुमारे ०.००४५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तेवीस माणसं धरली आणि आकडा दोन हजारांवर स्थिरावला, तर माणशी सेकंदाला जेमतेम तीन लिटर ताजी हवा आत येतेय असा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, निवासी नसलेल्या बंदिस्त जागांसाठी माणशी सेकंदाला किमान दहा लिटर सांगितले होते. रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात नैसर्गिक वायुवीजन असेल तर २००९ च्या त्यांच्या मार्गदर्शनात हाच आकडा रुग्णामागे साठ लिटर आहे. आपलं केंद्र म्हणजे वॉर्ड नव्हे, पण ऐंशीच्या पुढची फुप्फुसं असलेली अठरा माणसं एका खोलीत आठ तास बसतात. दहाच्या खाली जाणं मला पटत नव्हतं.

एसीचा प्रश्न इथेच निकालात निघाला. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही. उलट एसी लावला की दारं-खिडक्यांच्या फटीसुद्धा आपण बुजवतो. मोठा एसी बसवला असता तर गार झालेली, पण तितकीच शिळी हवा मिळाली असती.

यानंतर मी जे केलं ते चुकलं. त्या चुकीनेच पुढची दिशा दाखवली, म्हणून ती नीट सांगतो. गल्लीकडच्या खिडक्यांना मी दुहेरी काच बसवून घेतली आणि वरच्या बाजूला बारा इंची दोन एक्झॉस्ट पंखे लावले. आवाज बाहेर राहील, शिळी हवा ओढून टाकली जाईल आणि ताजी हवा मागच्या दारातून येईल, असा माझा होरा होता. दुसऱ्याच दिवशी हॉलमध्ये संडासाचा वास भरला. मी उदबत्ती पेटवून दारादारापाशी धरली. मागच्या दारापाशी धूर जागचा हलत नव्हता आणि संडासाच्या दाराखालच्या फटीतून मात्र सरळ हॉलमध्ये झेपावत होता. हवा सगळ्यात सोपी वाट धरते. मी तिच्यासाठी दुसरी वाटच ठेवली नव्हती.

वासाचं निस्तरता आलं असतं. पंख्यांची घरघर निस्तरता येणार नव्हती. मीटरवर ती फार मोठी नव्हती, गल्लीतल्या गोंगाटापेक्षा कितीतरी कमी. पण तिसऱ्या दिवशी एक आजोबा खुर्चीतून उठले, कोपऱ्यातला बिस्किटांचा रिकामा डबा त्यांनी उचलला आणि पंख्याखाली भिंतीला लागून उभे राहिले. मावशींनी बसा म्हटलं तर म्हणाले, ‘‘थांब, माझा नंबर आहे.’’ त्यांना ती पिठाची गिरणी वाटत होती. डबा पोटाशी धरून ते तासभर उभे होते. बसवलं की परत उठायचे. संध्याकाळी मुलगा न्यायला आला तेव्हा रडवेले झाले होते, नंबर गेला म्हणून.

मी डेसिबल मोजत होतो. आजोबा त्या आवाजाचा अर्थ लावत होते. ज्याची स्मृती शाबूत आहे त्याच्या कानांना पंख्याची घरघर दोन मिनिटांत ऐकू येईनाशी होते. मेंदू ती बाजूला सारतो. स्मृतिभ्रंशात हे बाजूला सारणंच दुबळं होतं. प्रत्येक आवाज दारावरच्या थापेसारखा असतो, त्याला ‘ओ’ द्यावीच लागते. शिवाय श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना माणसाचं बोलणं आणि वाटीचा खणखणाट दोन्ही सारखेच मोठे होऊन येतात. एक्झॉस्ट पंखे मी त्याच आठवड्यात काढले.

घोडं अडलं होतं ते एका गृहीतावर. हवा आणि आवाज एकाच खिडकीतून येणार, म्हणून एकाला घेतलं की दुसराही येणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. इमारतीला पाठ असते हे कुणी पाहिलंच नव्हतं.

या इमारतीची पाठ म्हणजे दहा बाय चौदा फुटांची डक्ट, वरून उघडी असलेली भिंतींमधली जागा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले पुष्कळ वाडे पडले. त्यांच्या जागी पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ज्या इमारती आल्या, त्यांतलीच ही एक. वाड्यात मधोमध चौक असायचा. घराचं तोंड रस्त्याकडे, पण श्वास चौकातून. माणसांची ऊठबस चौकाभोवतीच्या ओसरीवर आणि आतल्या माजघरात. रस्त्याकडे जाड भिंत आणि लहान खिडक्या. नव्या इमारतीत चौक आक्रसून मागे गेला, त्याची डक्ट झाली आणि तिच्यात सांडपाण्याचे पाइप आले. बसायची खोली रस्त्याकडे सरकली. केंद्रातही तेच झालं होतं. हॉल पुढे, मागे स्वयंपाकघर, ऑफिस आणि अडगळीची खोली.

गल्लीतला आवाज दुपारी सत्तरीच्या पुढे असायचा. निवासी भागासाठी आपल्याकडे दिवसाची कायदेशीर मर्यादा ५५ डेसिबल आहे. डक्टमध्ये मीटर पन्नाशीच्या आसपास. भर दुपारी डक्टच्या तळाशी ऊनही पोचत नव्हतं, त्यामुळे तिथली हवा गल्लीतल्या हवेपेक्षा हाताला थंड लागायची. मी ताईंना म्हटलं, घर उलटं करू, हॉल मागे नेऊ.

त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. ‘‘अहो, खिडकीत बसून रस्ता बघणं हा यांच्यातल्या निम्म्यांचा दिवसभराचा उद्योग आहे. तोही काढून घेऊ?’’ हा मुद्दा माझ्या नकाशात नव्हता आणि तो बिनतोड होता. शांत जागा म्हणजे काहीच न घडणारी जागा असं धरलं की माणूस कोंडल्यासारखा होतो. म्हणून पुढच्या बाजूला, ऑफिसच्या शेजारी, दुहेरी काचेच्या खिडकीला लागून एक छोटा ओटा ठेवला. दोघं-तिघं बसतील एवढा. ज्याला गल्ली बघायची त्याने यावं, कंटाळा आला की मागे जावं. उरलेली पुढची बाजू स्वयंपाकघर, ऑफिस आणि कपाटांना दिली. कुकरच्या शिट्ट्याही तिकडेच गेल्या. मागच्या तीन खोल्यांमधल्या भिंती साडेचार इंची होत्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून होकार दिल्यावर त्या काढल्या आणि तीस बाय वीस फुटांचा हॉल डक्टला लागून मिळाला.

डक्टमधून हवा घ्यायची ठरली तेव्हा खरं काम सुरू झालं. डक्ट म्हणजे कबुतरांचं राज्य. खालच्या सांडपाण्याच्या चेंबरवर, पाइपांच्या बेचक्यांत वर्षानुवर्षांच्या विष्ठेचे थर. वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली तर फुप्फुसांना सूज येते. ज्यांची छाती आधीच नाजूक आहे त्यांना तर ती हवा देणं म्हणजे अपराध. ते थर कोरडे खरवडले असते तर धूळ तिन्ही मजल्यांवर गेली असती. आधी पाण्याने भिजवून, मास्क लावून, ओल्या पोत्यांत भरून काढायला चार दिवस लागले. मग वरून ताणून जाळी बसवली, चेंबरची झाकणं नव्या पॅकिंगसह घट्ट केली आणि भिंतींना चुना दिला. चुन्याने उजेडही खाली उतरला.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा स्वयंपाकघरातला पंखा डक्टमध्ये सोडलेला होता. सकाळी अकराला मिरचीची फोडणी पडली की ठसका थेट आमच्या खिडकीशी. काकूंना मी खाली बोलावून हॉलमध्ये बसवलं, काही न सांगता. पाच मिनिटांत वरून सुनेने फोडणी टाकली आणि समोरच्या आजोबांना खोकल्याची उबळ आली. काकू स्वतःच म्हणाल्या, ‘‘आमचा पंखा फिरवा बाई कुठे फिरवायचा तो.’’ त्यांचा आणि दुसऱ्या मजल्यावरचा, दोन्ही पंख्यांना पाइप जोडून आम्ही ते केंद्राच्या खर्चाने गच्चीवर नेले. हे काम कुठल्याच नकाशात दाखवता येत नाही, पण ते झालं नसतं तर बाकीचं सगळं वाया होतं.

हवा आत घ्यायला डक्टच्या भिंतीत तीन लाकडी पेट्या बसवल्या. बाहेरून त्यांचं तोंड जमिनीपासून आठ फुटांवर, आतून गुडघ्याच्या उंचीवर. हवा वरून शिरते, पेटीतून खाली उतरते आणि बाकांमागून हलकेच हॉलमध्ये येते. पेटीला आतून रॉकवूलचं, म्हणजे दगडी तंतूंच्या लोकरीचं, अस्तर, त्यावर काचेचं कापड आणि भोकांचा पत्रा. हवेला वळण घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत, आवाज मात्र वळणावर भिंतीला आपटतो आणि अस्तरात जिरतो. बाहेरच्या तोंडाला उंदरांसाठी जाड जाळी आणि डासांसाठी बारीक. बारीक जाळी वारा बराच अडवते, म्हणून तोंडं गरजेपेक्षा दुप्पट मोठी ठेवली.

शिळी हवा बाहेर जायला हॉलच्या दुसऱ्या टोकाला, छताजवळून, जिन्याच्या कोपऱ्यातून थेट गच्चीच्या वर जाणारा दोन फुटांच्या आतबाहेरचा चौकोनी पत्र्याचा पाइप. उंची सुमारे नऊ मीटर. आतली हवा बाहेरच्यापेक्षा चार अंशांनी उबदार असेल तर अशा पाइपातून सेकंदाला सव्वादोनशे ते अडीचशे लिटर हवा आपोआप वर चढावी, असं सूत्र सांगतं. तेवीस माणसांना माणशी दहा लिटरने २३० लागतात. जाळ्या, वळणं आणि अस्तर यांनी निम्मं खाल्लं असं धरून, उरलेल्यासाठी गच्चीवर पाइपाच्या टोकाला एक मंद पंखा बसवला. तो रबरी गाद्यांवर, पाइपाशी कॅनव्हासने जोडलेला, म्हणजे थरथर खाली उतरत नाही. संडासांना त्यांचा वेगळा, सतत चालणारा एक्झॉस्ट दिला. आता उदबत्तीचा धूर हॉलमधून संडासाकडे जातो.

डिसेंबर-जानेवारीत हे छान चाललं, पंख्याशिवायच. एप्रिलमध्ये ताईंचा फोन आला, दुपारी वरून झळा येतात म्हणून. उदबत्ती धरली तर छताजवळच्या तोंडातून धूर खाली येत होता. कारण उघड होतं आणि ते मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. पुण्याच्या एप्रिलात बाहेर ३८ अंश आणि जाड भिंतींच्या तळमजल्यावर ३१ असताना, पाइपातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जड असते. ती खाली सरकते आणि तिच्यामागून गच्चीवरची तापलेली हवा आत ओढली जाते. धुराडं उलटं चालतं. तेव्हा मार्च ते मे या महिन्यांत सकाळी दहापासून पंखा चालूच ठेवायचा, असा नियम केला. रात्रीसाठी त्याला टायमर लावला. एप्रिलात पुण्याची रात्र विशीपर्यंत उतरते, ही आपल्या शहराची मोठी कमाई आहे. रात्री अकरा ते सकाळी सहा डक्टची हवा हॉलमधून फिरली की भिंती आणि शहाबादी फरशी गार होऊन बसतात आणि दुपारपर्यंत तो गारवा पुरतो.

आता आतला आवाज. उघडा स्लॅब, टाइल्स, स्टीलची ताटं, लोखंडी खुर्च्या. अशा हॉलमध्ये एक वाटी पडली की तिचा नाद दीड सेकंद रेंगाळतो आणि तेवढ्यात दुसरी पडते. छताखाली लाकडाच्या तंतूंचे सिमेंट बोर्ड लावले, साधारण चाळीस चौरस मीटर. हिशेबाने रेंगाळणं सव्वा ते दीड सेकंदावरून सहा दशांश सेकंदावर आलं. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या घातल्या, जेवणाच्या टेबलांवर जाड सतरंजीचं कापड अंथरलं. एका आजींच्या घरून चार जुन्या गोधड्या आल्या, त्या भिंतीवर टांगल्या. त्या आवाज पितातच, शिवाय आजी तिथून जाताना टाके चाचपतात आणि कुठलं लुगडं कुणाचं ते सांगतात.

फरशीचं थोडक्यात सांगतो. जुन्या हॉलमधली चकचकीत टाइल काहींना पाणी वाटायची. एक आजी साडी घोट्यापर्यंत उचलून हॉल ओलांडायच्या. आता पॉलिश न केलेली शहाबादी आहे. दारातली काळी पायपुसणी खड्ड्यासारखी दिसते, ती काढली. छताचे पंखे ट्यूबलाइटच्या खाली फिरत होते, त्यामुळे जमिनीवर सावल्या लपलपायच्या. दिवे पंख्यांच्या पातीखाली भिंतीवर आणले.

दोन वर्षं झाली. कार्बन डायऑक्साइडचा आकडा दुपारी साडेआठशे-नऊशेच्या आसपास राहतो, जो हिशेबाशी जुळतो. मावश्यांची वही अजून चालू आहे. चार वाजताची अस्वस्थता संपलेली नाही, ती आजाराबरोबर राहणारच. पण वहीत आता ‘सगळेच’ हा शब्द येत नाही. एका-दोघांची नावं येतात आणि ज्याला त्रास होतो त्याच्यापाशी एक मावशी बसू शकते, कारण बाकीचे शांत असतात. एक मावशी म्हणाल्या, ‘‘पूर्वी संध्याकाळी माझंच डोकं धरायचं.’’ हेही मी निष्कर्षातच धरतो. मावशी थकलेली असेल तर आजींच्या अंगावर कोण ओरडणार नाही?

शांत आणि खेळत्या हवेच्या जागेची गरज या शहराला नवी नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांनी रुग्णांसाठी दवाखाना काढला तो हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर, मोकळ्या हवेवर. त्या सेवेतच १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. आज अठरा आजी-आजोबांना गावाबाहेर माळावर न्यायचं म्हटलं तर घरच्यांना रोज आणणं-सोडणं जमत नाही. त्यांना पेठेतच, घराजवळ ठेवायचं तर पेठेतल्या इमारतीच दुरुस्त कराव्या लागतील. अशा डक्ट इथे प्रत्येक गल्लीत आहेत, अडगळ आणि कबुतरांनी भरलेल्या.

काही गोष्टी राहिल्या आहेत. थंडीत सकाळी धूर खाली बसलेला असतो, म्हणून पेट्या दहापर्यंत बंद ठेवाव्या लागतात आणि तेवढा वेळ हवा कमी पडते. दोन घरं सोडून जो वाडा पडला तिथे आता नवी इमारत चढतेय. ती पूर्ण झाली की डक्टमध्ये किती वारा उरेल ते पाहावं लागेल. स्वयंपाकघराच्या दारावर मावश्यांनी खडूने पाटी लिहून ठेवली आहे: ‘मार्च ते मे – दहाला वरचा पंखा एकवर. पावसाळा – मधली पेटी अर्धी. थंडी – दहानंतर पेट्या उघडा. फोडणीचा वास आला तर काकूंना हाक मारा.’

डबा घेऊन उभे राहणारे आजोबा आता बहुतेक वेळ पुढच्या ओट्यावर असतात. समोरच्या दुकानात दूधवाला आला की ते काचेवर बोटाने टकटक करतात, आणि तो रोज हात वर करतो.